साचेखात्यातली मुकी भाषा

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, कमी ऐकू येत असे. पाटण तालुक्यातले आपले गाव सोडून १९५४ साली ते परळला आले आणि एका गिरणीच्या साचेखात्यात लागले. सुरुवातीला बदली, मग कायम. पुढची अठ्ठावीस वर्षे त्यांनी साचे चालवले, आधी दोन आणि नंतर चार. साचा म्हणजे माग. आडवे सूत नेणारा त्याचा धोटा मिनिटाला दीडदोनशे वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे मारला जातो आणि प्रत्येक वेळी लाकडावर लाकूड आपटते. असे शेकडो साचे एका छपराखाली चालू असले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानात ओरडूनही काही पोचत नाही. त्यामुळे साचेवाल्यांची एक वेगळी भाषा तयार झाली होती. ओठांच्या हालचाली, भुवया, बोटे आणि खांदे एवढ्यावर ते पाळीभर बोलत. आमच्या चाळीत समोरासमोरच्या गॅलरीत उभे राहून आबा आणि त्यांचे सोबती मधल्या चौकातल्या गोंगाटावरून अशा गप्पा मारत असत, आणि आम्हा मुलांना त्यातले अवाक्षर कळत नसे.

हे आधी सांगण्याचे कारण असे की कामगाराचे चित्र, पुतळा, कविता किंवा नाटक समोर आले की माझे मन आपोआप त्या आवाजाकडे जाते. या माणसाला बोलता येत होते का, कामावर असताना त्याचा आवाज कुठे जात होता, आणि तो परत मिळवण्यासाठी त्याने काय केले, हे त्या कलावंताला ठाऊक होते का, असे प्रश्न मला पडतात. कलेच्या मोठ्या जाणकाराला ही मोजपट्टी अपुरी वाटेल. पण गेली कित्येक वर्षे ती माझ्या हातून सुटलेली नाही.

लहानपणी आमच्या भागातल्या भिंतींवर कामगाराचे जे चित्र दिसे, ते बहुतेक वेळा एकच असे: रुंद छातीचा, मनगटे फुगलेला, एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हाताची मूठ आभाळाकडे. मी शाळेच्या वहीत ते चित्र काढून आबांना दाखवले, तेव्हा त्यांनी बराच वेळ निरखून विचारले, "ह्यो कुठल्या खात्यातला?" मला उत्तर देता आले नाही. ते म्हणाले, "साचेवाल्याच्या हातात हातोडा कशाला आसंल?" मग त्यांनी अंगठा आणि दोन बोटे जुळवून, हवेतच, तुटलेल्या धाग्याला गाठ मारून दाखवली. इतक्या वेगाने, की मला ती पुन्हा दाखवायला सांगावी लागली.

हातोड्याचा तो माणूस युरोपातल्या आणि रशियातल्या पोलादाच्या कारखान्यांतून, खाणींतून आणि रेल्वेच्या कार्यशाळांतून आमच्या भिंतींवर आला होता. त्याच्याबद्दल मला आदरच आहे, कारण त्याच्या खुणेखाली माणसे एकत्र आली. परंतु मुंबईची गिरणी सुताची होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली, तेव्हापासून या शहराच्या श्रमाची खरी मुद्रा बोटांच्या पेरांत होती, दंडात नव्हती. सूत तुटते आणि जोडावे लागते. धोट्याच्या भोकातून दोरा ओढून घेण्यासाठी तोंडाने श्वास आत खेचावा लागतो, आणि त्या श्वासाबरोबर कापसाची धूळही जाते. ही गाठ आणि हा श्वास मला पोस्टरवर कधी दिसले नाहीत.

पुतळ्यांनी दंडांचीच वाट धरली. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे १९५९ सालचे प्रसिद्ध शिल्प आहे, त्यात चार पुरुष एक प्रचंड शिळा हलवताना दिसतात. ते पाहताना मात्र मला आवाज ऐकू येतो, कारण जड वस्तू ओढताना, होडी वल्हवताना किंवा शिडाचा दोर खेचताना माणसे एका तालात हाक देतात, आणि ती हाक हा त्या कामाचाच भाग असतो. आमच्याकडे जात्यावरची ओवी अशीच कामातून उगवलेली. माझी आजी दळताना गात असे, आणि तिला दळण न करता ओवी म्हणायला सांगितले की ती अडखळे. हाताला गती नसेल तर ओळ पुढे सरकत नसे. गिरणीने नेमका हा जोड तोडला. ताल यंत्राचा झाला, तो यंत्राच्या गतीने चालू लागला, आणि माणसाच्या गळ्याला त्यात जागाच उरली नाही. शेतावर आणि जात्यावर गात आलेली लाखभर माणसे घाटावरून आणि कोकणातून येऊन अशा जागी उभी राहिली, जिथे गाणे अशक्य होते.

मग ते गाणे गेटाबाहेर आले. गिरणगावाच्या, म्हणजे परळच्या आसपासच्या गिरणी वस्तीच्या, सगळ्या कलेचा उगम मला इथे दिसतो. भजनी मंडळे, नमन-खेळे, शक्ती-तुरा, लेझीम, तमाशाचे फड हे सारे पाळी सुटल्यानंतरचे होते. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत, पण मृदंग ठेवायला कोपरा असे. आठ तास दाबलेला आवाज रात्री मोकळा होत असे. याच आवाजाला जेव्हा आपल्या स्थितीचे भान आले, तेव्हा त्यातून शाहिरी उभी राहिली.

अण्णाभाऊ साठे हे या सगळ्याच्या मध्यभागी आहेत. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्मलेला हा माणूस लहानपणी कुटुंबासोबत पायी मुंबईला आला, पडेल ते काम करत गिरणीत राबला, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचे मोठेपण मी केवळ विषयात मानत नाही. तमाशाचा जो घाट त्यांना परंपरेने मिळाला होता, त्यात त्यांनी केलेले बदल बारकाईने पाहण्यासारखे आहेत. गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी त्यांनी मातृभूमीला, शिवाजी महाराजांना आणि हुतात्म्यांना वंदन केले. वगातला, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यातला, राजा उतरवून त्या जागी सावकार, मालक, मजूर आणि बेकार माणूस आणला. ढोलकी, तुणतुणे आणि प्रेक्षकांशी थेट बोलण्याची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली. म्हणजे ऐकणाऱ्याला कान बदलावे लागले नाहीत. सरकारने पुढे तमाशावर बंदी आणली, तेव्हा हाच खेळ लोकनाट्य या नावाने पुन्हा उभा राहिला.

त्यांची मुंबईवरची लावणी मलबार हिलच्या वैभवाशेजारी परळच्या घामाला उभे करते. लावणी हा शृंगाराचा प्रकार, आणि त्याच चालीत एका शहराच्या दोन वस्त्यांचा हिशेब मांडलेला. पण मला त्याहून अधिक हलवते ती मैनेची छक्कड, लावणीचाच एक प्रकार. वरवर पाहता ती पोटासाठी मुंबईला आलेल्या आणि बायकोला गावी ठेवून आलेल्या माणसाची विरहकथा आहे. पुढे त्याच मैनेमध्ये बेळगाव, कारवार, निपाणी हे महाराष्ट्राबाहेर राहिलेले प्रदेश दिसू लागतात. संयुक्त महाराष्ट्राची मागणी अण्णाभाऊंनी नकाशातून मांडली नाही. गिरणगावातल्या हजारो पुरुषांनी जी ताटातूट रोज सोसली होती, तिच्या भाषेत मांडली. आबा सांगत की कामगार मैदानावर अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती सुरू झाली की बायकोला गावी ठेवलेली माणसे मान खाली घालून ऐकत, आणि शेवटी त्याच माणसांच्या घोषणांनी मैदान दणाणत असे. माझी आई त्या काळात गावीच होती. तिच्यासाठी आपण रडलो, असे आबांनी तिला आयुष्यात कधी सांगितले नाही. मला एकदा सांगितले, तेही छक्कडीचा विषय निघाला म्हणून.

अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले आणि अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. दीड महिन्याच्या आत दोघे गेले. मी त्यानंतरच्या पिढीतला आहे. त्यांचे आवाज मला ध्वनिमुद्रणातून आणि आबांच्या आठवणीतून मिळाले.

हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरलेले दोघे उभे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. आमच्या दृष्टीने ते दोघे वेगळे नव्हतेच. आबा पेरणीला रजा टाकून गावी जात आणि कापणीला पुन्हा जात, आणि बदली कामगारांना त्या दिवसांत त्यांच्या साच्यावर काम मिळे. शिल्पकाराने दोन देह केले, परंतु गिरणगावात ते एकाच देहात राहत होते. १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा आणि कामगारांचा दिवस एकच झाला, यात मला आजही एक वचन दिसते. ते पाळले गेले नाही, याचे दुःख मी लपवणार नाही.

शिल्पकलेत मला माझा आवाज भेटला तो मुंबईपासून फार दूर. काही वर्षांपूर्वी शांतिनिकेतनला जाणे झाले. रामकिंकर बैज यांची उघड्यावरची शिल्पे पाहण्याची इच्छा जुनी होती. बांकुड्याच्या एका नाभिक कुटुंबात जन्मलेला हा कलावंत, ज्याने संगमरवर आणि ब्राँझ यांच्याऐवजी सिमेंट आणि तिथलाच तांबडा मुरूम वापरला. १९५६ साली केलेल्या त्यांच्या एका शिल्पात गिरणीचा भोंगा झाला म्हणून संथाळ स्त्रिया धावत निघाल्या आहेत. आंघोळ झालेली आहे पण लुगडे वाळायला वेळ नाही, म्हणून ओले वस्त्र वाऱ्यावर धरून त्या ते धावता धावताच वाळवत आहेत. मागून एक पोर पळत येते आहे. त्या खडबडीत सिमेंटात भोंगा कुठेही घडवलेला नाही, तरी साऱ्या शिल्पात तोच आहे. कापडाच्या फुगण्यात, पुढे झुकलेल्या धडात आणि पोराच्या घाईत तो आहे.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. आमच्या घरात सकाळ भोंग्याने होत असे. पहिल्या भोंग्याला आबा उठत, दुसऱ्याला चहा, आणि त्यानंतर गेट बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी चाळीचा जिना लाकडी पावलांनी भरून वाहू लागे. शांतिनिकेतनच्या झाडांखाली मला तो जिना ऐकू आला. श्रमाचे चित्र काढताना रामकिंकरांनी श्रम दाखवलेलाच नाही. त्यांनी श्रमाकडे ओढले जाणारे शरीर दाखवले. आणि त्या शरीरांना एक प्रकारचा आनंदही दिला, जो मला आधी खटकला आणि नंतर पटला. त्या स्त्रिया केवळ दीन नाहीत. त्यांच्या धावण्यात त्यांचे स्वतःचे काही शिल्लक आहे.

स्त्रियांचा उल्लेख आला म्हणून इथेच सांगतो की गिरणगावाच्या कलेत त्या फार थोड्या दिसतात. वाइंडिंग आणि रिळिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यांत एके काळी त्या मोठ्या संख्येने होत्या, संपांमध्ये पुढे होत्या, आणि खात्यांतून त्यांना कमी केले जाऊ लागल्यावरही घरोघरी खानावळी चालवून त्यांनी एकट्या राहणाऱ्या पुरुषांना जेवू घातले. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्या आत्मकथनांत त्यांचा आवाज आहे. चित्रकारांनी आणि नाटककारांनी त्यांना बहुधा दारात वाट पाहत उभे केले. १९७० नंतर आई मुंबईला आली आणि तिनेही सहा माणसांचे डबे केले. तिच्यावर कुणी छक्कड रचली नाही.

नारायण सुर्वे यांच्या कवितेत मात्र ती बाई बोलते. सुर्वे हे गिरणगावातच सापडलेले मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलेले. त्यांनी स्वतः गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले आणि मग महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा पहिला संग्रह आला. मार्क्सवरच्या त्यांच्या कवितेत कवीला मार्क्स ग्रंथालयात भेटत नाही, पहिल्या संपाच्या मिरवणुकीत भेटतो, आणि त्याची ओळख करून देते ती जानकी अक्का. तिच्या बोलीत तो मार्क्सबाबा होतो, एखाद्या संतासारखा, पोताभर ग्रंथ लिहिलेला आणि चार पोरांचा बाप असलेला. ही कविता मी कॉलेजात वाचली तेव्हा मला धक्का बसला, कारण आमच्या चाळीतल्या बाया असेच बोलत असत, आणि त्या बोलण्याला छापील पानावर जागा असू शकते हे मला माहीत नव्हते. सुर्व्यांनी शाहिराचा चढा स्वर घेतला नाही. त्यांनी खोलीतल्या बोलण्याचा स्वर घेतला, आणि आपले हात दारिद्र्याकडे गहाण पडल्याचे शांतपणे सांगितले. मैदानासाठी रचलेल्या ओळी आणि उंबऱ्यावर बसून म्हटलेल्या ओळी यांत श्वास वेगळा असतो. मला दोन्ही हव्यात, पण रात्री आठवतात त्या दुसऱ्या.

सिनेमाचे सांगण्यासारखे मी एकच सांगेन. १९३४ साली प्रेमचंदांनी मुंबईत राहून मजुरांवरच्या एका चित्रपटाची कथा लिहिली, मोहन भवनानी यांनी तो काढला, आणि ज्या शहरातल्या गिरण्यांवर तो बेतला होता त्याच शहरात त्यावर बंदी आली. ज्यांची गोष्ट होती त्यांनाच ती दाखवायची नाही, हा निर्णय घेणाऱ्यांना कलेची ताकद अचूक कळली होती.

सुधीर पटवर्धन हे वेगळ्या बाजूने आलेले. पुण्यात १९४९ साली जन्मलेले, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम केलेले डॉक्टर. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या त्यांच्या चित्रांत मजूर आहेत, लोकलमधली माणसे आहेत, इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस आहे. मूठ नाही आणि घोषणाही नाही. देह जड, खांदे थोडे उतरलेले, नजर आपल्याकडे नाही. माझा आरंभीचा ग्रह असा होता की मध्यमवर्गीय चित्रकार बाहेरून पाहतो आहे. तो ग्रह मी आज बदलला आहे. बाहेरून पाहतो आहोत हे या चित्रकाराला ठाऊक आहे, आणि तो ते लपवत नाही. तो माणसाच्या आत शिरल्याचा दावा करत नाही, शेजारी उभा राहतो. २००८ च्या सुमारास त्यांनी समकालीन चित्रांचे एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवले, कारण ज्यांची चित्रे काढली जातात त्यांच्यापर्यंत ती पोचत नाहीत, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. लोअर परळचे त्यांचे २००१ सालचे चित्र मी पाहिले तेव्हा १९८२ च्या गिरणी संपाला एकोणीस वर्षे झाली होती. तो परिसर मला पायाखालून पाठ आहे. चित्रात मला सर्वप्रथम शांतता जाणवली. भोंगा थांबल्यानंतरची शांतता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणे आणि मान्यताप्राप्त एकाच संघटनेची मक्तेदारी मोडणे या मागण्या होत्या. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. पहिल्या महिन्यांत मैदानावर पुन्हा डफ वाजले. नंतर आबा आम्हाला घेऊन गावी गेले, परत आले, पुन्हा गेले. घरात साच्यांचा विषय निघेनासा झाला. दुपारच्या शांततेत ते खाटेवर बसून असत, आणि कधी कधी त्यांचा अंगठा आणि दोन बोटे आपोआप हलत.

या काळाचे चित्रण जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात आहे. ते १९९७ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षी १६ जानेवारीला सामंतांचा खून झाला होता. गिरणगावातली एक खोली, गेलेल्या गिरणी कामगाराची बायको, तिची मुले आणि अजून गिरणीवर विश्वास असणारा जावई. नाटककाराने मोर्चा दाखवला नाही, गिरणीही दाखवली नाही. घरात सगळे बोलतात, ओरडतात, एकमेकांचे बोलणे तोडतात, आणि कुणाचे कुणाला ऐकू जात नाही. साचेखाते जणू घरात येऊन बसले आहे. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांच्या जगावर 'धावता धोटा' ही कादंबरी लिहिली, तेव्हा धोटा धावत होता. पवारांच्या पिढीच्या वाट्याला तो थांबलेला आला, आणि थांबलेल्या यंत्राचे ओझे पोरांच्या अंगावर कसे पडते, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

त्या नाटकाच्या एका प्रयोगाला मी आबांना नेले होते. त्यांना ऐकू येणार नाही म्हणून पुढच्या रांगेतली तिकिटे काढली. पडदा उघडल्यावर दहाएक मिनिटांतच माझ्या लक्षात आले की त्यांना माझ्या मदतीची गरज नाही. ते नटांचे ओठ वाचत होते, साच्यासमोर उभे राहून वाचत त्याप्रमाणे, मान किंचित पुढे काढून. जावयाची भूमिका करणारा नट पाठमोरा झाला की ते अस्वस्थ होत, आणि तो वळला की पुन्हा स्थिर.

मध्यंतरात दिवे लागले. आठ-दहा रांगा मागे एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले होते. त्यांनी हात वर केला. आबांनी ओळखले. एकाच खात्यातले असावेत. लोक चहाला निघाले होते, गलका होता, आणि त्या गलक्यावरून ते दोघे बोलू लागले. बोटे, भुवया, ओठ, एक खांदा. मागच्या गृहस्थांनी दोन्ही तळवे उताणे केले. आबांनी मान हलवली, मग चिमटीने हवेत गाठ मारली आणि हसले. तेही हसले.

घरी येताना बसमध्ये मी विचारले, ते काय म्हणत होते?

"गावी गेलतो का, आसं इचारत होता," आबा म्हणाले. "आन् पोरगा काय करतो तुजा."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांना ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले नाही.